वाचकांचे प्रश्न : फळांच्या कचऱ्यातून विद्युतघट

विज्ञान प्रदर्शनांचे दिवस जवळ आले की या सदराकडे लिंबाच्या, बटाट्याच्या आणि केळीच्या सालींच्या बॅटरीविषयी पत्रे येऊ लागतात. या वेळी नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेली काही पत्रे एकत्र घेतली आहेत, कारण प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच शंका आहे : ही वीज येते तरी कुठून?

प्रश्न : आमची शाळा द्राक्षबागांच्या मधोमध आहे. हंगामात तडकलेल्या आणि गळालेल्या मण्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात. आमच्या विद्यार्थ्यांनी अशा मण्यांच्या लगद्यात तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा खोवून सुमारे 0.9 व्होल्ट मिळवले आणि प्रकल्पाला ‘टाकाऊ द्राक्षांतून अक्षय ऊर्जा’ असे नाव दिले. परीक्षकांनी या नावावर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे योग्य आहे काय?
— एक शिक्षिका, दिंडोरी तालुका

उत्तर : परीक्षकांचे म्हणणे योग्य आहे. तरीही मुलांनी केलेला प्रयोग चांगला आहे. बदलायला हवे ते फक्त त्याचे नाव.

या घटात इंधनाचे काम जस्त करते. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनाच्या, म्हणजे विद्युतभारित कणाच्या, रूपाने रसात उतरतो. ते इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून तांब्याकडे जातात आणि तिथे आम्लातील हायड्रोजनचे आयन, तसेच रसात विरघळलेला थोडा ऑक्सिजन, त्यांना स्वीकारतात. तांब्याची पट्टी या व्यवहारात जवळजवळ जशीच्या तशी राहते. द्राक्षाचा रस दोन कामे करतो : त्यातील टार्टारिक आणि मॅलिक आम्ले हायड्रोजनचे आयन पुरवतात, आणि आयनांना इकडून तिकडे जाण्यासाठी ओला मार्ग मिळतो. द्राक्षातील साखरेला मात्र या सगळ्यात कोणी हातही लावत नाही, आणि फळातील खरी ऊर्जा तर साखरेतच असते. एक किलो पिकलेल्या द्राक्षांत साधारण 180 ग्रॅम साखर धरली तर तिच्या ज्वलनातून जवळजवळ पाऊण युनिट एवढी उष्णता मिळू शकते. खिळा आणि तार काढून घेतल्यावर ती सगळी साखर लगद्यात तशीच शिल्लक असते.

हे विद्यार्थ्यांना नुसते सांगण्यापेक्षा त्यांच्याकडून तपासून घ्यावे. त्याच पट्ट्या, तेवढ्याच अंतरावर, आधी द्राक्षाच्या लगद्यात, मग व्हिनेगरमध्ये आणि शेवटी मिठाच्या पाण्यात बुडवाव्यात. मल्टिमीटरवरचा आकडा थोडाफार मागेपुढे होईल, पण कोसळणार नाही. त्यानंतर फळ तेच ठेवून दोन्ही पट्ट्या तांब्याच्या घ्याव्यात. विभवांतर, म्हणजे मल्टिमीटरवरचे व्होल्ट, जवळजवळ शून्यावर येईल. फळ बदलले तर फारसे काही बिघडत नाही आणि धातू बदलला तर सगळेच बिघडते, हे मुलांनी स्वतः पाहिले की दहावीच्या पुस्तकातील धातूंची क्रियाशीलता श्रेणी त्यांना वेगळी पाठ करावी लागत नाही.

यापुढची पायरी वजनाची आहे. शाळेत 0.01 ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा काटा असेल तर जस्ताची पट्टी प्रयोगापूर्वी तोलावी आणि घटातून बराच काळ विद्युतधारा घेतल्यानंतर ती धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा तोलावी. 1 मिलिअँपिअर धारा सलग 24 तास वाहिली तर हिशेबाप्रमाणे सुमारे 29 मिलिग्रॅम जस्त खर्च होते. प्रत्यक्षात पट्टीच्या वजनातील घट याहून जास्त दिसेल, कारण काही जस्त तारेतून एकही इलेक्ट्रॉन न पाठवता थेट आम्लात विरघळते. हिशेब आणि काटा यांच्यातली ही तफावत प्रकल्पाच्या वहीत अवश्य नोंदवून घ्यावी. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत मोलाचा आकडा तोच असेल.

आता ‘अक्षय’ या दाव्याकडे पाहू. एक ग्रॅम जस्तापासून जास्तीत जास्त 820 मिलिअँपिअर-तास एवढा विद्युतभार मिळतो. घट वापरात असताना विभवांतर अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहते असे मानले, तर एक युनिट वीज मिळवण्यासाठी सुमारे 2.4 किलो जस्त लागेल. धातुकापासून जस्त मिळवताना केवळ विद्युत अपघटनाच्या टप्प्यावरच दर किलोमागे सुमारे तीन युनिट वीज खर्च होते. म्हणजे सात युनिटांहून अधिक वीज ओतून आपण एक युनिट परत मिळवतो. हा घट म्हणजे जस्तात साठवलेली वीज सावकाश परत घेण्याचे साधन आहे. त्याला ऊर्जास्रोत म्हणता येत नाही. प्रकल्पाचे नाव ‘द्राक्षाच्या रसातील जस्त-तांबे घटाचा अभ्यास’ असे ठेवावे. ते पूर्वीच्या नावाइतके आकर्षक नाही, हे मान्य आहे. पण त्यावर कोणाला आक्षेप घेता येणार नाही.

प्रश्न : पंचवटीत आमचे फळांच्या रसाचे दुकान आहे. मोसंबी, अननस आणि डाळिंब यांच्या साली व चोथा मिळून रोज दोन-तीन क्रेट कचरा निघतो आणि तो घंटागाडीत जातो. लिंबांवर मोबाइल चार्ज करून दाखवणारी चित्रफीत माझ्या मुलाने पाहिली. आमच्या कचऱ्यावर दुकानातला एखादा दिवा तरी लागेल का?
— एक दुकानदार, पंचवटी

उत्तर : तुमच्या कचऱ्यावर दिवा लागू शकेल, पण त्याचा मार्ग वेगळा आहे. आधी चित्रफितीचा हिशेब करू. एका लिंबात नेहमीच्या आकाराच्या पट्ट्या खोवल्या तर अर्धा व्होल्ट आणि अर्धा मिलिअँपिअर, म्हणजे पाव मिलिवॉट एवढी शक्ती मिळाली तरी घट चांगला जमला असे म्हणावे. मोबाइलचा अगदी साधा चार्जर 5 वॉटचा असतो. म्हणजे त्याच्या तोडीला 20,000 लिंबे लागतील, आणि प्रत्येक लिंबात जस्ताची एक व तांब्याची एक पट्टी. पाच-सहा लिंबांवर मोबाइल चार्ज होताना दिसत असेल, तर टेबलाखाली दुसरी वायर आहे असे खुशाल समजावे.

तुमच्या कचऱ्यातील ऊर्जा मिळवायची तर त्यातील साखर आणि इतर सेंद्रिय भाग जिवाणूंच्या हवाली करावा लागतो, आणि हवाबंद टाकीत ते काम बायोगॅसच्या रूपाने होते. एक घनमीटर बायोगॅस स्वयंपाकाला सुमारे 400 ते 450 ग्रॅम एलपीजीइतका पुरतो. त्यावर जनित्र चालवले तर साधारण दीड ते दोन युनिट वीज मिळते. विल्होळी येथे नाशिक महापालिकेने जर्मनीच्या सहकार्याने उभारलेला प्रकल्प याच तत्त्वावर आधारलेला आहे : शहरातील ओला कचरा आणि शौचालयांच्या टाक्यांतील मैला एकत्र कुजवून त्यापासून गॅस आणि गॅसपासून वीज. तेव्हा तुमचा कचरा घंटागाडीत ओला आणि सुका असा नीट वेगळा करून गेला, तरी तो वाया गेला असे मानण्याचे कारण नाही.

दुकानापुरती लहान बायोगॅस टाकी बसवण्याचा विचार असेल तर एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मोसंबी, संत्री आणि लिंबू यांच्या सालींत लिमोनीन नावाचे तेल असते आणि ते मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना मानवत नाही. केवळ मोसंबीच्या सालींवर टाकी चालवली तर ती आंबट होऊन बंद पडण्याची शक्यता जास्त. साली थोड्या आणि अननसाचा चोथा, शिळे अन्न, भाजीचे देठ जास्त, असे मिश्रण ठेवावे, आणि टाकी सुरू करताना शेण वापरावे.

प्रश्न : मी नववीत आहे. चार लिंबे एकसर जोडणीत जोडल्यावर मल्टिमीटरवर 3.6 व्होल्ट दिसतात, पण पांढरा एलईडी अजिबात लागत नाही. दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे 3 व्होल्टवर, तोच एलईडी लागतो. मग 3.6 व्होल्टवर का लागत नाही?
— एक विद्यार्थी, नाशिक रोड

उत्तर : तुझ्या प्रश्नात विद्युतघटांचा अर्धा धडा आला आहे, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

मल्टिमीटर व्होल्ट मोजताना घटाकडून जवळजवळ काहीच धारा घेत नाही. त्यामुळे त्यावर दिसणारे 3.6 व्होल्ट हे काम न करणाऱ्या घटाचे विभवांतर आहे. एलईडी जोडला की धारा वाहू लागते, आणि ती लिंबाच्या आतूनही वाहावी लागते. लिंबाच्या आत रस असंख्य लहान पिशव्यांत कोंडलेला असतो, पट्ट्यांचा रसाला लागणारा भाग थोडा असतो आणि त्या एकमेकींपासून दूर असतात. या सर्वांमुळे आत जो अडथळा निर्माण होतो त्याला घटाचा अंतर्गत रोध म्हणतात. पेन्सिल सेलमध्ये तो एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. लिंबात तो सहज हजार-दीड हजार ओहम भरतो.

तो तुला मोजता येईल. एका लिंबाचे विभवांतर मोकळ्या स्थितीत मोज. समज, ते 0.92 व्होल्ट आले. आता 1000 ओहमचा रोधक दोन्ही पट्ट्यांना जोड आणि तो जोडलेला असतानाच पुन्हा मोज. समज, ते 0.37 व्होल्टवर आले. याचा अर्थ रोधकातून 0.37 मिलिअँपिअर धारा वाहते आहे आणि उरलेले 0.55 व्होल्ट लिंबाच्या आतच खर्च होत आहेत. 0.55 ला 0.37 मिलिअँपिअरने भागले की उत्तर सुमारे 1500 ओहम येते. अशी चार लिंबे एकसर जोडली की व्होल्ट चौपट होतात आणि अंतर्गत रोधही चौपट, म्हणजे 6000 ओहम, होतो. पांढऱ्या एलईडीला 2.7 व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणजे रोधाच्या वाट्याला एक व्होल्टही येत नाही आणि धारा 0.15 मिलिअँपिअरच्या जवळपास राहते. एवढ्यावर उजेडाच्या खोलीत काही दिसणार नाही.

आता उपाय पाहू. पांढऱ्याऐवजी लाल एलईडी घे, तो 1.8 व्होल्टच्या सुमारास लागतो, त्यामुळे त्याच चार लिंबांवर धारा जवळजवळ दुप्पट होते. एलईडीचा लांब पाय तांब्याकडे आहे ना, ते पाहा. लिंबे टेबलावर तळहाताखाली दाबून लाटून घे, म्हणजे आतल्या पिशव्या फुटतील. त्याहून चांगले म्हणजे लिंबे बाजूला ठेवून घरातल्या पिळून टाकलेल्या फोडी आणि मोसंबीचा चोथा मिक्सरमध्ये थोडे पाणी घालून वाटावा आणि तो लगदा चहाच्या काचेच्या लहान ग्लासांत भरावा. खिळा आणि तार यांच्याऐवजी बोटभर रुंदीच्या पट्ट्या घ्याव्यात आणि त्या एकमेकींना लागू न देता जितक्या जवळ आणता येतील तितक्या आणाव्यात. पट्टीचा बुडालेला भाग वाढला आणि अंतर कमी झाले की अंतर्गत रोध झपाट्याने उतरतो. हा बदल तू वर सांगितल्याप्रमाणे मोजून तक्त्यात मांडलास, तर प्रदर्शनात तो लागलेल्या एलईडीपेक्षा अधिक दाद मिळवील.

आणखी एक चूक फार जण करतात आणि ती चटकन लक्षात येत नाही. एकाच थाळीत लगदा पसरून त्यात जस्त-तांब्याच्या चार जोड्या रोवल्या तर चार घट तयार होत नाहीत. लगदा सगळीकडे एकच असल्याने मधल्या जोड्या आतल्या आतच एकमेकींशी जोडल्या जातात आणि विभवांतराची बेरीज होत नाही. प्रत्येक घटाला स्वतंत्र भांडे हवे, आणि भांड्यांच्या तळाशी सांडलेला रससुद्धा पुसून घ्यायला हवा.

तांब्यासाठी नाशिककराने लांब जायला नको. तांबट आळीत आणि भांडी बाजारात पत्र्याच्या कातरणीतून उरलेल्या पट्ट्या मिळू शकतात. नाहीतर घरातील वायरिंगच्या जाड तांब्याच्या तारेवरचे आवरण सोलून तिची गुंडाळी केली तरी चालते. पट्टी वापरण्यापूर्वी चिंच-मिठाने घासून लख्ख करावी. देवघरातील तांब्याची भांडी घासतात तशीच. जस्तासाठी जीआय पत्र्याची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची, पट्टी सर्वांत सोयीची. मात्र पत्र्यावरचा जस्ताचा थर पातळ असतो. तो संपून खालचे लोखंड उघडे पडले की विभवांतर खाली येते आणि लगद्याला तांबूस रंग चढतो. तसे दिसले की पट्टी बदलावी.

एलईडीपेक्षा चांगला ‘गिऱ्हाईक’ हवा असेल तर 1.5 व्होल्टच्या बटन सेलवर चालणारे अंकांचे लहान घड्याळ घे. त्याला काही मायक्रोअँपिअरच लागतात, त्यामुळे चोथ्याच्या दोन ग्लासांवर ते बिनतक्रार चालते आणि लगदा वाळला नाही तर दिवसेंदिवस चालत राहते.

प्रश्न : केळीच्या सालीत पोटॅशियम भरपूर असते, म्हणून तिची बॅटरी सर्वांत शक्तिशाली होते असे वाचले. हे खरे आहे का? आमच्याकडे उपवासाच्या दिवशी केळीच्या सालींचा ढीग होतो.
— एक गृहिणी, इंदिरानगर

उत्तर : खरे नाही. सालीतील पोटॅशियम आयनांच्या रूपात असते आणि ते विद्युतधारा वाहून नेण्यास मदत करते. पण चिमूटभर मीठ तेच काम करते. आयनाच्या रूपातील पोटॅशियमपासून वीज सुटत नाही. साल तशीच वापरली तर तिचा परिणाम सामान्य असतो, उकडून वाटल्यास तो सुधारतो. 2010 मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी बटाट्यावर हेच पाहिले : काही मिनिटे उकडलेल्या बटाट्याच्या जस्त-तांबे घटातून कच्च्या बटाट्याच्या सुमारे दहापट शक्ती मिळाली, कारण उकडल्याने पेशींची आवरणे फुटतात आणि अंतर्गत रोध घटतो. तुमच्या सालींवरही हा प्रयोग करण्यासारखा आहे. वाळलेली साल मात्र उपयोगाची नाही. पाणी नसेल तर आयन जागचे हलत नाहीत.

प्रश्न : डाळिंबाच्या सालींचा घट सुरुवातीला चांगला चालतो, पण जोडणी केल्यावर दहा मिनिटांत विभवांतर घसरते. पट्ट्या बाहेर काढून पुसल्या की पुन्हा वाढते. साली खराब झाल्या असे समजावे काय?
— विज्ञान मंडळातील विद्यार्थी, निफाड

उत्तर : सालींचा यात काही दोष नाही. तांब्याच्या पट्टीवर तयार होणाऱ्या हायड्रोजनचे बारीक बुडबुडे तिलाच चिकटून बसतात आणि रस व तांबे यांच्यामध्ये आडवे येतात. तांब्याजवळचा विरघळलेला ऑक्सिजनही संपत जातो. पट्टी पुसली की बुडबुडे जातात आणि घट पुन्हा चालू लागतो. भिंगातून पाहिलेत तर तांब्यावर मोहरीपेक्षाही लहान चमकते ठिपके स्पष्ट दिसतील.

ही अडचण विद्युतघटाइतकीच जुनी आहे. अलेस्सांद्रो व्होल्टाने 20 मार्च 1800 रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून आपल्या घटमालेची माहिती कळवली. तिच्यात चांदी आणि जस्त यांच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे होते. फळाचे नावही नव्हते. त्या घटमालेचीही धारा अशीच लवकर मंदावत असे. 1836 मध्ये जॉन फ्रेडरिक डॅनियल याने त्यावर उपाय काढला : तांब्याची पट्टी कॉपर सल्फेटच्या द्रावणात ठेवायची. मग तिथे हायड्रोजन सुटण्याऐवजी द्रावणातील तांबे पट्टीवर जमा होते, बुडबुड्यांचा प्रश्न उरत नाही आणि विभवांतर 1.1 व्होल्टच्या आसपास टिकून राहते.

कॉपर सल्फेट म्हणजे तुमच्या घरी बोर्डो मिश्रणासाठी आणले जाते तेच मोरचूद. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे एक टक्क्याच्या मिश्रणाचे प्रमाण निफाडच्या मुलांना मी सांगण्याची गरज नाही. डॅनियलचा घट करण्यासाठी मात्र चुना नको. 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम मोरचूद विरघळवून ते काचेच्या बरणीत घ्या आणि त्यात तांब्याची पट्टी ठेवा. संक्रांतीचे न रंगवलेले सुगड आधी पाण्यात भिजवून, त्यात डाळिंबाच्या सालींचा गाळलेला रस भरून ते बरणीत मधोमध ठेवा आणि जस्ताची पट्टी सुगडात उभी करा. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून आयन ये-जा करतात, पण दोन्ही द्रव एकदम मिसळत नाहीत. मोरचुदाचे पाणी सुगडाच्या काठावरून आत शिरू देऊ नका. ते जस्ताला लागले तर जस्तावर तांब्याचा काळपट थर बसतो आणि घट बिघडतो. मोरचूद विषारी आहे. हातमोजे घालून, शिक्षक समोर असतानाच हे करावे, आणि भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत.

साध्या घटाची आणि या घटाची दर पाच मिनिटांनी घेतलेली मापे एकाच आलेखावर काढली, तर डॅनियलने काय साधले ते कागदावर दिसेल.

प्रश्न : फळांच्या कचऱ्याचा बॅटरीशी संबंध केवळ शालेय प्रयोगापुरताच आहे का? पदवीच्या प्रकल्पासाठी काही दिशा सुचवाल का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : संबंध बराच पुढे जातो, फक्त त्यात फळाची भूमिका बदलते. साली हवा न लागू देता तापवल्या की त्यांचा कोळसा होतो, आणि त्यावर योग्य प्रक्रिया केली तर तो विद्युत अग्रासाठी, म्हणजे बॅटरीतील पट्टीच्या जागी, वापरता येतो. जर्मनीतील कार्ल्सरूह तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2016 मध्ये सफरचंदाच्या अवशेषांपासून केलेला कार्बन सोडियम-आयन बॅटरीच्या ऋणाग्रासाठी वापरून दाखवला. सिंगापूरच्या नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठात 2020 मध्ये संत्र्याच्या वाळवलेल्या सालींची पूड आणि सायट्रिक आम्ल वापरून जुन्या लिथियम-आयन बॅटऱ्यांतील कोबाल्ट, लिथियम, निकेल यांसारखे धातू वेगळे करण्यात आले. या कामी एरवी तीव्र आम्ले वापरली जातात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रयोगाचे महत्त्व कळते.

तिसरी दिशा जिवाणूंच्या विद्युतघटाची आहे. इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. सी. पॉटर याने 1911 मध्ये यीस्ट आणि जिवाणू यांच्या चयापचयातून विद्युतधारा मिळते हे दाखवले. या घटात साखर खरोखरच खर्च होते, म्हणून ‘फळापासून वीज’ हे शब्द तिथे शोभतात. शक्ती फारच कमी मिळते. पण नाशिकमध्ये वाइननिर्मितीतून उरणारा द्राक्षांचा चोथा आणि कारखान्याचे सांडपाणी हाताशी असल्याने पदवीच्या प्रकल्पासाठी मी याच विषयाची शिफारस करीन. वीज किती मिळाली यापेक्षा सांडपाण्यातील सेंद्रिय भार, म्हणजे कुजणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण, किती उतरला, यावर भर द्यावा. या घटांचा व्यवहारातील उपयोग झालाच तर तो तिथे होण्याची शक्यता अधिक आहे.

प्रश्न : मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी जुने सेल फोडून त्यात केळीच्या सालीचा लगदा भरणार म्हणते. हे सुरक्षित आहे का? आणि वापरलेल्या फळांचे नंतर काय करावे? बागेतल्या गाईला घातली तर चालतील का?
— एक पालक, सातपूर

उत्तर : गाईला घालू नयेत, आणि स्वतःही खाऊ नयेत. ज्या फळात जस्ताची पट्टी राहिली आहे त्याच्या रसात जस्त उतरलेले असते, थोडे तांबेही असू शकते. प्रयोगानंतर फळे लगेच वेगळ्या पिशवीत काढावीत, म्हणजे घरातील लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत. शाळेच्या एक-दोन प्रयोगांतील लगदा फुलझाडांच्या खतात मिसळला तर हरकत नाही. द्राक्षबागेत जस्ताची कमतरता भरून काढण्यासाठी झिंक सल्फेट फवारतातच.

सेल फोडण्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. हा प्रयोग फक्त जुन्या पद्धतीच्या जस्त-कार्बन सेलवर करतात. त्याचे बाहेरचे नळकांडे जस्ताचे असते, मधोमध कार्बनची कांडी असते आणि त्यांच्यामध्ये मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी असते. अल्कलाइन सेल दिसायला तसाच असतो, पण त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे त्वचा आणि डोळे भाजणारे द्रव्य असते. शिवाय त्याचे कवच पोलादी असल्याने या प्रयोगाला त्याचा उपयोगही नाही. बटन सेल आणि मोबाइलची लिथियम बॅटरी यांना सुरी लावण्याचा तर विचारही करू नये. त्या पेट घेऊ शकतात. जस्त-कार्बन सेल मोठ्या माणसाने, हातमोजे आणि चष्मा घालून कापून दिला तरी आतली काळी भुकटी पूर्ण निघत नाही. मग सालीचा लगदा भरल्यावर जे व्होल्ट दिसतात त्यांतले सालीचे किती आणि उरलेल्या भुकटीचे किती, हे सांगता येत नाही. जीआय पट्टी, तांब्याची पट्टी आणि चहाचा ग्लास यांत ही दोन्ही संकटे टळतात.

निफाडच्या मुलांना सांगितलेला मोरचुदाचा घट कोणी करून पाहिला, तर त्याचे निळे पाणी मोरीत किंवा नाल्यात ओतू नये. अगदी थोडे तांबेही माशांना घातक ठरते. ते प्लॅस्टिकच्या बादलीत घेऊन त्यात भांडी घासण्याची लोखंडी तारेची घासणी किंवा गंजके खिळे टाकून दोन दिवस ठेवावे. लोखंडावर तांब्याचा लालसर थर चढतो आणि पाण्याचा निळा रंग जातो. त्यानंतर थोडा चुना मिसळून साका खाली बसू द्यावा आणि तो वेगळा काढून ठेवावा. द्रावण चांगल्या स्थितीत असेल तर बाटलीवर ‘मोरचूद – विषारी’ अशी चिठ्ठी लावून ते प्रयोगशाळेच्या कुलूपबंद कपाटात ठेवावे; पुढच्या तुकडीला ते पुन्हा वापरता येते.